तो, ती, ते

रास अल खैमाच्या फरशी-कारखान्यामागे
खोली नंबर चौदा, खाटा चार,
आणि एका कादंबरीचे पाच जाडजूड खंड,
न्हाणीघराच्या दमटीनं फुगलेले,
पहिल्यावर बिजूच्या चहाचा गोल डाग.

त्यात एक दैवत आहे.
त्याचं नाव लेखिकेनं कुठंच छापलेलं नाही,
नावाच्या जागी तीन टिंबं.
मोठ्यानं वाचायची पाळी आली की
परकार तिथं श्वास घेतो,
तांडेल जिभेनं च्यक् करतो, मांजर बोलवावं तसं,
बिजू सरळ म्हणतो, डॉट डॉट डॉट.
मी गप्प राहतो. माझंच बरोबर असावं.

इंग्रजीत निभावून जातं.
वाक्यं अशी वळवलीत बाईनं
की देव की देवी, पत्ता लागू नये.
पण आम्ही तिघं जेवताना भांडणार मराठीत
(बिजू ऐकतो हिंदीत)
आणि मराठी क्रियापद तोंड उघडलं की चुगली करतं:
आला, की आली?

परकारचा पक्ष 'ती'चा.
राणीची बुडालेली बहीण ती,
दुसऱ्या खंडात जिच्या केसांत मीठ होतं.
पुरावा पान तीनशे अकरा,
ओस घरात आधीच लागलेला दिवा.
"दिवा लावून ठेवतं कोण? बहीणच ना!"
हर्णैला त्याच्या बहिणी चार.
तिघींची लग्नं त्याच्या ओव्हरटाइमवर झाली.

तांडेल पहिली दोन वर्षं 'तो' म्हणायचा.
वेशीवरचा राखणदार, आमच्या गावात आहे तसा,
दगडाला तोंड नसतं, पण रात्री काठी वाजते.
बिजूचं मत, लेखिकेलाच ठाऊक नाही,
म्हणून सहावा खंड नऊ वर्षं लटकलाय.
त्या दिवशी बिजूशी कुणी बोललं नाही.

मी दिवसभर फरशी ठोकून ऐकतो.
खणखणली तर पेटीत,
बद्द वाजली तर मागच्या ढिगात.
डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते.
तसेच ऐकत गेलो पाचही खंड
आणि मला सापडलं फक्त एक खेचर.
पहिल्यात सरपण वाहतं,
तिसऱ्यात राजपुत्राचं प्रेत,
चौथ्यात जळता पूल ओलांडतं, एका ओळीत,
आणि त्या ओळीच्या शेवटी तीन टिंबं.

हे सांगितलं तर परकार इतका हसला
की आमटी नाकात गेली.
तांडेल हसला नाही.
भाकरी मोडता मोडता म्हणाला,
"खेचर म्हणजे ते. तो नाही, ती नाही.
दैवतही 'ते'च की रे."

मग ऑगस्टात तिसरी भट्टी बंद झाली.
एकोणीस जणांच्या यादीत तांडेल.
विमान पहाटेचं, मी रात्रपाळीला.
परतलो तर गादीची वळकटी,
आमच्यासाठी सुक्या जवळ्याचा डबा,
आणि शेगडी डुगडुगू नये म्हणून खाली सारलेल्या
माझ्याच ढिगातल्या फरशीवर
पेन्सिलीनं एक शब्द:

ते

पुढं क्रियापद नाही.
परकार म्हणतो, जिंकलास, ते आलं, तुझं खेचर.
मला तसं वाटत नाही.
बिजूला समजवायला अर्धा तास लागला
की वडीलधारं माणूस दारात आलं
तरी आम्ही 'ते'च म्हणतो, ते आले,
आणि वासरू, कोकरू, रडून निजलेलं पोर, तेही ते.
बिजू म्हणाला, तुमची भाषा फार चालू आहे.

फरशी काढून मी खिडकीत ठेवलीय.
शेगडी पुन्हा डुगडुगते.
बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली:
बद्द.
चीर कुठं आहे ते कळत नाही.

सोमवारी त्या खाटेवर नवा माणूस येणार,
कुठला ते अजून कंपनीनं सांगितलेलं नाही.
परकारनं पहिला खंड त्याच्या उशाशी ठेवलाय, डाग वर करून.
तीन टिंबांशी आल्यावर काय करायचं
ते त्याचं त्यानं बघावं.