हॅडॉकचं दशांशचिन्ह

पहाटे तीन बारा. ग्रिम्सबी.
उशीखाली फोन तडफडला, नुकत्याच ओढलेल्या माशासारखा:
भावपत्रकाच्या कंटेनरमध्ये शेल सुरू झालं आहे.

ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगते.
आमचे कंटेनर म्हणजे डबे.
तिखटाच्या डब्यात तिखट, पिठाच्या डब्यात पीठ,
आणि ह्या डब्यात एकच प्रोग्रॅम:
लिलावाचे आकडे घ्यायचे, फलकावर मांडायचे,
बस्स.
शेल म्हणजे आतून आलेला आवाज,
"काय काय आहे गं इथं?"

पीठ असं विचारत नाही.

लॅपटॉप उघडला. खिडकीत गोदीचे दिवे,
आणि तो वास, ज्याला मी आता वास म्हणत नाही.
भिंतीवर माझ्याच अक्षरात चिकटवलंय:
आधी मारू नकोस, मेलेला प्रोग्रॅम काही सांगत नाही.
म्हणून डबा गोठवला.
बाहेर जायच्या वाटा बंद,
आतली मेमरी जशीच्या तशी उचलून बाजूला,
बर्फावर मांडलेल्या मासळीसारखी,
डोळे उघडे.

मग वंशावळ काढली.
प्रत्येक प्रोसेसला बाप असतो.
चोरट्याचा बाप बहुधा वेब सर्व्हर,
ज्याला आपल्याला पोर झाल्याचा पत्ताच नसतो.
हा तसला नव्हता.
हा पुढच्या दारानं आला होता, किल्ली लावून.

मग टाइप केलेलं वाचलं, ओळीनं.
एल-एस लिहायचं, तिथं एस-एल. खोडलं.
पुन्हा एस-एल. पुन्हा खोडलं.
चोरांच्या स्क्रिप्टची बोटं अशी अडखळत नाहीत.
उजवी अनामिका विशीत ट्रॉलरच्या दोरात गेली,
अशा एकाच माणसाची अडखळतात.

नॉर्मन टास्करनं पहिल्या रिंगला उचलला.
हॅलो नाही, काही नाही.
"हॅडॉक," म्हणाला,
"किलोला चोवीस पौंड दाखवतोय तुमचा फलक.
दोन-चाळीस पाहिजे. सातला माणसं येतील."

"नॉर्मन, तुम्ही शुक्रवारी निवृत्त झालात."

पलीकडे किटली उकळत राहिली.
केक मीच कापला होता; माझे शंकरपाळे
त्यानं रुमालात बांधून नेले होते.
किल्ली काढायची राहिली. ते काम माझं होतं.

"अजून कुठकुठल्या आहेत तुमच्याकडे?"
"तीन," म्हणाला.
यादीत पाच निघाल्या.
पाचही काढल्या, तो फोनवर असतानाच.
त्याला ऐकू गेलं असेल एंटर, एंटर,
काही बोलला नाही.

दशांशचिन्ह मुळात जाऊन हलवलं, तपासलं,
मग गोठलेला डबा मारला.
चार सेकंदांत नवा उभा राहिला,
कोरा, कुणाला न ओळखणारा.
हॅडॉक दोन-चाळीस.

अहवालात रकाना होता: घुसखोर कोण?
बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
शेवटी लिहिलं, माजी कर्मचारी,
हेतू: भाव बरोबर असावा.

अलार्मच्या नियमांत एक अपवाद घालता आला असता,
दोनदा एस-एल लिहिणाऱ्याला जाऊ द्या.
नाही घातला.
शिकून घेईल एखादा खरा चोर
चुकायला.