दाराची पाटी

पाटी मीच लिहिली:
मानशीचं दार. लाकूड माट्टीचं. दिवाडी बेट.
खाजनात खारं पाणी शिरू नये म्हणून वापरत.
वापरत की वापरतात,
यावर शिरवईकर मॅडम पेन्सिल चावत थांबल्या,
मग म्हणाल्या, असू दे.

शनिवारी चार वाजता कार्यक्रम.
तीस खुर्च्या, सतरा माणसं, त्यांतली पाच आमचीच.
पडद्यावर नकाशा,
त्यात पणजी हळूहळू निळी होत जाणारी.
मळ्यातल्या एका बाईंनी विचारलं, आमची गल्ली कुठंय?
बोट दाखवेपर्यंत स्लाइड पुढे गेली.

मग सांतान कुलासो उठले.
चाळीस वर्षं बांधावर.
इस्त्रीचा शर्ट, पँटच्या घडीत वाळका चिखल.
माइक घेतला नाही. सरळ दाराकडे गेले,
एक हात ‘हात लावू नये’वर टेकला
आणि दुसरा लाकडावर ठेवला.
मी पहारेकरी. मी बोलायला हवं होतं.

म्हणाले, हे दार कुणी उघडत नसे, कुणी लावत नसे.
भरतीला नदी बाहेरून ढकलायची, ते मिटायचं.
ओहोटीला शेत आतून ढकलायचं, ते उघडायचं.
आम्ही नुसते फटी लिंपायचो
आणि रात्री पडल्या पडल्या त्याचा आवाज ऐकायचो.

आता नदी पुरती उतरतच नाही.
दार अर्धं उघडतं न उघडतं तोच पुन्हा भरती.
आतलं पाणी आत कुजतं.
कोरगुट म्हणजे खाऱ्यात वाढलेला भात,
त्यालाही हल्ली खारट लागतं.

मग बोट एका चिरेवरून वरपासून खालपर्यंत.
मॅडमनी समजावलं: दमटपणा, बुरशी, यंत्र, नियंत्रण.
कोपऱ्यात यंत्र गुरगुरत होतं.
सांतान हसले.
“उदक मेळूंक ना, म्हूण फुटलां.”
बोट जिभेला लावून म्हणाले, मीठ आहे अजून.

प्रश्नोत्तरं सुरू होणार, तेवढ्यात त्यांनी घड्याळ पाहिलं.
म्हाका वचूंक जाय. सव्वासहाला भरती.
रायबंदरची फेरीबोट गाठायची होती.
समोसा राहिला, शाल राहिली,
एका मुलीचा वर केलेला हात तसाच राहिला.
कार्यक्रमाची वेळ आम्ही
सभागृह कधी रिकामं असतं ते पाहून ठरवली होती.

सगळे गेल्यावर यंत्राची बादली ओतणं माझं काम.
रोजची साडेतीन लिटर,
हवेतून पिळून काढलेली, बेचव.
आज ती घेऊन दारापाशी उभा राहिलो जरा वेळ.
गोडं पाणी.
ह्याने त्याचं काय होणार.

बाहेर नेऊन गटारात ओतली.
आठवडाभर पाऊस नव्हता आणि गटार काठोकाठ,
पाणी नदीकडे जात नव्हतं,
नदीकडून येत होतं.
सव्वासहा वाजून गेले होते.