अकरा सेकंद

लॅम रोडला, देवळाली कॅम्पाच्या अलीकडे, माझं झेरॉक्सचं दुकान.
समोर दोन गाळे : एकात काचसामान, एकात स्टीलची भांडी.
गोष्ट त्या गाळ्यांची. मी फक्त
पाठपोट कॉपी काढतोय.

प्रल्हाद पाळदे काचेच्या दुकानात नोकर.
रेंजवर तोफ उडायच्या आधी बरोब्बर अकरा सेकंद
त्याच्या डाव्या कानाची पाळी खाजते.
बस, एवढंच.
लॉटरी नाही, पाऊस नाही, मॅचचा निकाल नाही,
फक्त तोफ.
हातातलं गिऱ्हाईक सोडून तो धावतो,
वरच्या फळीवरचे सरबताचे ग्लास
लेकरासारखे कवटाळतो,
मग धडाम्.
अख्ख्या रोडची तावदानं थरथरतात,
त्याच्याकडे चमचाही किणकिणत नाही.
मालक म्हणतो, पोरगा चपळ आहे.

शेजारी सुलक्षणा निरभवणे भांड्यांवर नावं घालते.
टर्र टर्र मशीन, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं :
मामाकडून सप्रेम. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.
तिला बंद डब्यातलं कळतं.
डबा स्टीलचाच हवा,
प्लास्टिकपुढे तिचं काही चालत नाही.
रस्त्यानं जवान जातो, मास्तरीण जाते, कंडक्टर जातो,
ती मनात म्हणते :
गिलकं. परत गिलकं.
शिळी खिचडी, वर ताजी कोथिंबीर.
कुणाच्या घरात काय चाललंय सगळं ठाऊक,
आणि बोलायची सोय नाही.

दीड वाजता प्रल्हाद डबा घेऊन
मागच्या पायरीवर बसायचा, सगळ्यांकडे पाठ करून.
भिंतीपलीकडची टर्र टर्र थांबायची.
सोमवारी रिकामा.
मंगळवारी रिकामा.
बुधवारी एक कांदा.
दहा मिनिटांनी तो झाकण लावायचा
आणि ढेकर द्यायचा.
मला तो खराच वाटायचा.

एका सकाळी ती म्हणाली,
नाव नाही डब्यावर तुमच्या, हरवेल, द्या इकडे.
दीडच्या आत परत. बाहेरून : प्र. पा.
आत भेंडी, दोन भाकरी,
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ठिपक्यांत :
उद्या वांगं.
वांगं त्याला चालत नाही.
खाल्लं.

झाकण भरत गेलं. मेथी. पिठलं.
काल मीठ जास्त पडलं, सांगायचं नाही का.
जागा संपल्यावर बुडाशी, उलट्या बाजूनं :
बोलाल का काही?

आता हा भित्रा. यानं युक्ती काढली.
कान खाजला की तिच्या दारात,
मनात आकडे मोजायचे,
आणि अकराला बोलून टाकायचं.
तीनदा बोलला.
तिन्ही वेळा तोफखान्यानं त्याला सांभाळून घेतलं.
काय म्हणालात?
सुट्टे आहेत का, म्हटलं.
तोंड म्हणजे काही डबा नव्हे,
तिला कसं कळणार?
तिनं तिन्ही वेळा सुट्टे दिले.

इकडे ग्लासांना कुणी वाली नव्हता.
पहिल्यांदा दोन गेले, मग पाच,
तिसऱ्यांदा अख्खा डझन.
मालक म्हणाला, पोरगा सुस्तावला,
आणि हिशेब करून टाकला.

रविवारी रेंज बंद असते.
तो डबा परत द्यायला आला.
रस्ता शांत, कान गप्प.
तिनं डबा हातात घेतला, उघडला नाही.
हे तर माझेच पैसे, म्हणाली,
दहा-दहाची नाणी, सगळी. परत का?

मला सुट्टे नको होते,
म्हणाला प्रल्हाद,
आणि पुढचं इतकं मोठ्यानं बोलला
की माझ्या मशीनमध्ये कागद अडकला.

आता विहितगावला दोन खोल्या आहेत त्यांच्या.
तो तिच्याच गाळ्यात भांडी पुसतो,
डब्यावरून भांडणं होतात, वांगं अजून आहे.
रात्रीचा सराव असला की मात्र
तो झोपेतून उठतो, कान खाजवत,
आणि तिच्या दोन्ही कानांवर
हलकेच तळवे ठेवून मोजत बसतो.
खिडकी थरथरते. ती कूस बदलत नाही.

परवा दुकानात आली, म्हणाली,
हल्ली रात्रीच्या तोफा बंद केल्या वाटतं.
मी म्हटलं, हो,
बरेच दिवस झाले.