कल

इद्रियाच्या खाणीतून बाबा घरी येत,
तेव्हा बुटाच्या शिवणीत कधीमधी एक थेंब सापडे.
आईने बघायच्या आत मी तो बशीत उतरवून घेई.
सुईने दोन केले की दोन, सात केले की सात,
बशी जरा तिरकी झाली
की सगळे धावत एक.
बशी मात्र कोरडीच.

लुदविक मास्तरांनी वर्गात दोन काचनळ्या धरल्या.
एकीत पाणी, कडेकडेने काचेला बिलगून चढलेलं, मधे खोलगट.
दुसरीत पारा, कडा सोडून, पाठ फुगवून बसलेला.
"पाण्याला काचेची ओढ," मास्तर म्हणाले,
"पाऱ्याला फक्त पाऱ्याची."
"म्हणजे आमच्या काकासारखा," मागून योश्को बोलला.
वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

बाबांचा पारा कधी चढला नाही.
तो उतरला,
हातांत.
आधी पेन्सिल गेली, मग बटणं, मग चमचा.
आईने घरात सूप करणं बंद केलं, काही न बोलता.
रोज ज्लीक्रोफी, बटाटा भरलेले.
काट्याला नीट अडकतात.
जेवणं झाली की ती लेसची उशी पुढ्यात ओढी.
चौदा लाकडी रिळं खुळखुळत,
टाचण्यांना वळसे घालत,
दोऱ्यावरून दोरा. गाठ जवळजवळ नाहीच.
नुसते एकमेकांवरून गेलेले, तेवढ्यावर टिकलेले.

मग एकदा मास्तरांनी हातावर मेणाचा तुकडा ठेवला.
"याच्या रेणूंत काही करारमदार नाही.
एकाचा भार क्षणभर इकडे सरकतो,
त्यासरशी शेजारचाही इकडेच कलतो.
पुढच्या क्षणी तिकडे.
एवढ्याशा कलण्यावर हे सगळं उभं आहे."
मला पटलं नाही.
नखाने ओरखडा काढून पाहिला.

त्या रात्री
बाबांचा काटा डावीकडे गेला,
आईचा कोपर डावीकडे.
ती त्यांच्याकडे बघतही नव्हती,
शेजारच्या फ्रान्त्सकाशी हिशेब बोलत होती,
हातभर लेसला किती, त्यात व्यापारी किती कापतो.
काटा उजवीकडे, कोपर उजवीकडे.
"येर्नेय, जेव," एवढंच, मधेच, आणि पुन्हा व्यापारी.
एक तुकडा सांडला नाही.

खाण आता बंद आहे. योश्को पर्यटकांना आत नेतो.
दर नोव्हेंबरच्या एक तारखेला मी वर दफनभूमीत जाते,
दोघांच्या एकाच दगडापाशी लाल काचेचा दिवा ठेवते.
ज्योतीखाली मेणाचं तळं होतं.
ते काचेच्या कडेला थोडं चढतं, पाण्यासारखं,
वातीतून तर वरपर्यंत.
मला वाटायचं, वितळणं म्हणजे हात सुटणं.
सुटत नाहीत,
नुसते शेजारी बदलत राहतात.

कधी दरीतून वारा येतो, दिवा विझतो.
माझ्या बोटांना हल्ली काडी लवकर सापडत नाही.
तोवर तळ्यावर पांढरी साय धरते.
मी बोट टेकवून बघते.
अजून कोमट.
बोट उचललं की
ठसा राहतो.