दोन सूत

अठ्ठावीस फूट, असं कागदावर लिहिणं सोपं होतं.
पेन्सिलीला वजन नसतं.
वजन सुरू होतं अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
मौला नदाफ पहिल्या पाईपला टाका मारतो तेव्हा.
वेल्डिंगलाही तो टाकाच म्हणतो.
त्याचे आजोबा गाद्या शिवायचे.

होम मैदानावर प्रदर्शन, गड्ड्याच्या दिवसांत.
माझी जागा पाळण्याच्या डाव्या हाताला,
शेंगाचटणीच्या स्टॉलला लागून.
विषय समितीनंच दिलेला: सोलापूरचा माग.
मला माग करायचा नव्हता.
माग सगळ्यांनी पाहिलेत,
टेम्पोतून भंगारात जाताना तर जास्तच.

मी आणले जकार्डचे पुठ्ठे.
एका बंद कारखान्याच्या माळ्यावरून, अकरा पोती,
किलोवर, पालींची अंडी झटकून.
त्यांच्या माळा सोडायच्या सांगाड्याभोवती, वरून खाली:
एक उभी चादर,
जिच्यात सूतच नाही.

बिराजदार इंजिनियरनं चष्मा कपाळावर ढकलला.
"हे शीड आहे, म्याडम.
वारं फिरलं तर तुमची कलाकृती
पाळण्यात जाऊन बसेल, तिकीट न काढता."
सही राहिली.
दोन रात्री मी हिशोब मांडला,
पुठ्ठ्यांचं क्षेत्रफळ, वाऱ्याचा दाब,
बेस प्लेट जाड केली, बोल्ट आठाचे बारा केले,
आणि उत्तर दर वेळी पडत होतं.
उजवीकडे.

नरसय्या गुर्रम रोजावर आला होता, पुठ्ठे ओवायला.
आयुष्यभर त्यानं हेच ठोकले होते.
बोट फिरवून वाचायचा, डोळे दुसरीकडेच.
"ही किनार. हे कमळ. हा मोर...
काय केलंस अम्मा,
मोराची मान कमळाच्या पोटात ओवलीस."
मी म्हटलं, कुणाला कळणार आहे?
"मला कळलं की."

मग त्यानं एक पुठ्ठा तोंडासमोर धरला
आणि फुंकर मारली.
पलीकडे माझ्या टेबलावरचे कागद हलले.
"भोकं मोजलीस का?"

नव्हती मोजली.
मी प्रत्येक पुठ्ठा भिंत म्हणून धरला होता.
"भोक असलं तर सुई जाते. नसलं तर अडते.
नक्षी एवढीच असते, अम्मा.
सुईचं तेच वाऱ्याचं."

सगळं उसवलं.
मोराच्या पिसाऱ्यात भोकं दाट, तो वर गेला,
जिथं वारं जास्त.
कोरे, अडवणारे पुठ्ठे खाली, जमिनीजवळ.
कमळाला कमळाचं पोट परत मिळालं.
बिराजदारनं आकडे दोनदा तपासले,
सही केली, आणि जाता जाता एक पुठ्ठा उचलून
त्यातून पंख्याकडे बघितलं.

रात्री तीन तुकडे मैदानात आले,
चौकातल्या तारा बांबूनं उचलत.
हायड्रावाला सिद्राम झोप उडावी म्हणून
कन्नडमध्ये स्वतःशीच भांडत होता.
शेवटचं कडं बसेना.
वरून मौला ओरडला, "भोक दोन सूत चुकलंय!"
खाली नरसय्या हसला. "दोनच?"
दोन सुतांसाठी चाळीस मिनिटं
मौला आभाळात घासत बसला,
लोखंडाचा कीस आमच्या केसांत.

लोक आले. फोटो काढले.
दुपारी जमिनीवर उन्हाचे ठिपके पडले,
त्यांत विडीकामाच्या बायका सावली धरून बसल्या.
एकीनं विचारलं, "एवढी मोठी चादर कुणाला गं?"
मला सुचलं नाही.

चौथ्या संध्याकाळी वारं आलं.
पुठ्ठे एकमेकांवर आपटू लागले, खटक, खटक,
आधी वर, मग सगळीकडे.
चटणीवाल्यानं ताडपत्री सोडली.
सांगाडा थोडा कण्हला आणि उभा राहिला.
नरसय्यानं मनगट वर करून
घड्याळ बघितलं.
मनगटावर घड्याळ नव्हतं.

पंधराव्या दिवशी उतरवलं.
पाईप मौलानं ठेवले, पुढच्या कुठल्याशा कमानीसाठी.
पुठ्ठे परत पोत्यांत, परत किलोवर,
दर मात्र आता पडलेला.
वजनात थोडी तूट आली.
मोराची मान भरली नाही.
नरसय्याच्या लुनाच्या हँडलला पिशवी होती,
जरा लांबट.
मी पावतीवर सही केली.