एन-सतरा

एकतीस वर्षं बुकिंगच्या खिडकीत बसलो.
समोर पुठ्ठ्यावर डकवलेला प्लॅन, लाल पेन्सिल,
आणि गजांपलीकडे अर्धं ठाणं,
ज्याला कायम पाचव्या रांगेतली मधलीच खुर्ची हवी असायची.

मी स्वतः नाटक सुरुवातीपासून कधी पाहिलं नाही.
तिसरी घंटा झाली की हिशेब, चिल्लर, सही.
आत शिरायचो तेव्हा
कुणाचं तरी लग्न मोडून झालेलं असायचं.
पण सभागृह पाठ होतं.
सकाळी झाडू फिरत असताना
एकेका खुर्चीवर बसून टाळी वाजवायचो,
परत येताना ती कशी येते ते ऐकायचो.

पहिल्या दोन रांगांत नटांच्या चपला ऐकू येतात
आणि मान अवघडते.
एफमध्ये गिळलेला आवंढासुद्धा कळतो.
के-चार कुरकुरते, तीही नेमकी गंभीर प्रवेशात.
बाल्कनीत विनोद उशिरा पोचतो:
खालचं हसू विरतं तेव्हा वरचं सुरू होतं
आणि मधल्या मध्ये पुढचं वाक्य बुडतं.
उंच माणसाला मी भिंतीकडची द्यायचो.
त्याला वाटायचं, याचं माझ्याशी काहीतरी वाकडं आहे.

आणि एन-सतरा.
तिथे रंगमंच धड ऐकूच यायचा नाही.
ती खुर्ची मी सगळ्यात शेवटी विकायचो,
विकताना वर बघायचो नाही.

कालिंदी गुप्ते चरईतून चालत यायच्या,
मुठीत मोजून आणलेले सुटे पैसे.
"एन-सतरा द्या."
"बाई, जी-बारा रिकामी आहे, थोडेच जास्त पडतील."
"सतराच."

एकदा हिशेब लवकर उरकला, दाराशी उभा राहिलो.
फार्स होता. सगळे अजून वाट बघतायत
आणि एन-सतरावर एक बाई हसली.
एकटीच.
मग नट बोलला. मग सातशे माणसं हसली.
पुन्हा तसंच. पुन्हा.
म्हटलं, नाटक पाठ असेल.
पण त्या दिवशी तर शुभारंभाचा प्रयोग होता.

मध्यंतरात, वड्याच्या रांगेत, विचारलंच.
"आमचे हे विंगेत असतात ना, वही घेऊन,
तिथे त्यांचं ऐकू येतं. फक्त तिथेच.
आधी हे बोलतात, मग ते रंगवलेले."
चटणी जास्त मागून घेतली, म्हणाल्या,
"घरी कुठे बोलतात हो. घसा राखून ठेवतात."

दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या बबनला विंगेत उभं केलं,
"हळूच काहीतरी म्हण," म्हटलं,
आणि सतरावर जाऊन बसलो.
अगदी कानाशी, श्वासासकट:
"साहेब, पगार कधी व्हायचा?"

मग दुरुस्ती निघाली. दोन वर्षं कुलूप.
नव्या भिंती, गुबगुबीत खुर्च्या,
गालाला चिकटवलेले माइक.
आता कुठेही बसा, सारखंच ऐकू येतं,
बाल्कनीतही विनोद वेळेवर पोचतो.
चांगलं झालं. खोटं कशाला बोलू.
खुर्च्या रुंद झाल्या, रांगेत चार कमी बसल्या,
सतरा नंबर सरकून वाटेच्या कडेला आला.

उघडल्यावर त्या आल्या, केस सगळे पांढरे.
तोच फार्स, नव्या संचात.
"सतरा. आणि सोळापण."
मागे एक किडकिडीत गृहस्थ, हात मोकळे,
मोकळ्या हातांचं काय करावं हे न कळणारे.
मी दोन्ही तिकिटं फाडली. सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

तिसरी घंटा झाली. हिशेब तसाच टाकून आत गेलो.
अंधारात सोळावर ओठ हलत होते,
सतरा तिकडे झुकलेली,
एम रांगेतले दोघे मागे वळून शूऽ करत होते,
आणि सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी
एक बाई हसली.

सकाळी तक्रारवहीत निळ्या शाईत:
"एन-सोळावरचा माणूस वाक्यं आधीच बोलतो. कारवाई व्हावी."
खाली मी शेरा मारला, तारीख घातली:
"सभागृहाच्या ध्वनिरचनेतील जुना दोष.
दुरुस्त होण्यासारखा नाही."