दोन विटा वर

खोक्यावर लिहिलंय, एक हजार बेचाळीस तुकडे.
प्रांजलनं ते जेवणाच्या ताटांत ओतले:
निळे एकात, पांढरे दुसऱ्यात,
आणि ज्यांचं काय करायचं ते कळत नाही असे
दही लावायच्या भांड्यात.

पुस्तकात एकही शब्द नाही. नुसती चित्रं आणि बाण.
मला बरं वाटलं.
उद्यमनगरात तीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करते,
त्यांच्यासोबतही कधी कागद येत नाही.

"आत्ती, मी धक्का लावतो, तू दिवे लाव."
पोरगी नऊ वर्षांची, आमच्याकडच्या पोरींसारखी
लावतो, खातो, येतो म्हणणारी.
तिच्या पुण्याच्या मावशीला ते खटकतं.
मला नाही. दुकानात मीही तसंच बोलतो.

दिव्यांच्या तारा केसाएवढ्या.
बावीस गेजची तार मी डोळे मिटून ओढते;
ही चाळीसच्याही पुढची,
विटेच्या दोन गोट्यांमधून न्यायची
आणि वरून दुसरी वीट दाबायची, तार चेंगरू न देता.
माझी नखं काळी. निळ्या विटांना वार्निशचा वास लागला.

समुद्र.
गगनबावड्याच्या कड्यावरून, हवा स्वच्छ असली तर,
एक चकाकती रेघ दिसते म्हणतात.
मी दोनदा गेले. दोन्ही वेळा धुकं.
आमचं पाणी त्या कड्याच्या अलीकडंच जन्मतं
आणि पाठ फिरवतं.
हाकेवरचा समुद्र सोडून, कृष्णेचा हात धरून,
अख्खा देश ओलांडून पलीकडच्या समुद्रात जातं.
का, ते मी शाळेत विचारलं होतं.
मास्तर म्हणाले, उतार.

धक्का झाला. बोटी झाल्या.
आइस्क्रीमची टपरी झाली, तिच्यात एक माणूस,
कारखान्यातूनच हसू छापून आलेला.
मग कोळ्याचं घर, लाल छपराचं,
बाणाप्रमाणं थेट निळ्या विटेवर.

माझा हात थांबला.

दुधाळीतल्या आमच्या भिंतीवर एक रेघ आहे,
माझ्या हनुवटीएवढी. दोनदा रंग दिला,
रेघ वर येते.
त्या साली पाणी निळं नव्हतं. चहासारखं होतं,
आणि त्यात आमचा सिलिंडर फिरत होता
घर बघायला आलेल्या पाहुण्यासारखा.
पाणी उतरल्यावर दोनशे मोटारी आल्या दुकानात.
उघडली की गाळ, उघडली की गाळ,
एकीत जिवंत खेकडा.

"दोन विटा वर घे घर."
"पुस्तकात न्हाई, आत्ती."
"पुस्तकवाल्याच्या घरात पाणी शिरलं नसंल."

ती बघत राहिली.
पुरात ती तीन वर्षांची होती. शाळेत झोपलो
आणि केळी मिळाली, एवढं तिला आठवतं,
किंवा आठवतं असं वाटतं.
मग दह्याच्या भांड्यातले करडे, जाडे तुकडे
तिनं एकेक काढले. जोतं झालं.
दोनाचं नाही, तिनाचं.
पायऱ्यांना काही उरलं नाही.
"कोळी उडी मारंल," म्हणाली.

आता तार घरापर्यंत पोचेना.
पिशवीतली तांब्याची जोडली, डाग दिला, सेल घातले.
दीपगृह लागलं. टपरी लागली. बोटीवरचा कंदील लागला.
घर नाही.
मी डाग तपासला. तार तपासली. चष्मा पुसला.
प्रांजलनं छप्पर उचललं, दिवा काढून फिरवून बसवला.
"उलटा लावलायस."

तीस वर्षं.

घर लागलं, पिवळं, आत कुणी नसताना.
उजेड निळ्या विटांवर पडला,
तीन विटांच्या उंचीमुळं जरा लांबवर.
कोळी बाहेरच, हातात मासा घेऊन उभा.
मोटारीच्या खाचेत घालतो तो जाड कागद
उद्या दुकानातून आणायचा, घड्या घालून पायऱ्या करायच्या,
असं ठरता ठरता ती झोपली.

सेल काढून ठेवायला हवे होते.
राहू दिले.